तमाम व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अ‍ॅडमिन मंडळींना एका मेडिकलवालीचं खुलं पत्र

नमस्कार अ‍ॅडमिन मंडळी,

म्हणजे सोसायटीच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन, दहावीच्या बॅचचे, भिशीचे, भजनी मंडळाचे, शाळेच्या पालक ग्रुपचे, "समस्त अमुक परिवार"वाल्या भाऊबंदकीचे, आणि हो, २०१९ ला गणपतीच्या वर्गणीसाठी काढलेला आणि गणपतीचं विसर्जन होऊन गेलं तरी स्वतःचं न झालेला जो एक ग्रुप सगळ्यांकडं असतो ना, त्याचे पण. तुम्हा सगळ्यांना हे पत्र. मी बाहेरची नाही, मी पण तीन ग्रुपची अ‍ॅडमिन आहे. त्यातल्या एकाची तर कशी झाले ते मलाच माहीत नाही, आधीचे अ‍ॅडमिन रागारागात लेफ्ट झाले आणि सकाळी दूध तापत ठेवून फोन बघते तर मीच अ‍ॅडमिन.

माझं मेडिकल आहे, सातारा जिल्ह्यात, एसटी स्टँडच्या मागच्या रस्त्याला. नवरा होलसेलचं बघतो, काउंटरवर मी. चिठ्ठी आता फार कमी लोक आणतात, सगळे फोनच पुढं करतात, की ताई ह्यात फोटो आहे बघा. त्यामुळं दिवसातून वीस-पंचवीस लोकांचे फोन माझ्या डोळ्यांखालून जातात, आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो शोधता शोधता तुमचे ग्रुप पण जातात.

मागच्या महिन्यात एक काका आले. सत्तरीचे, रिटायर्ड, बीपीची गोळी गेली आठ-नऊ वर्षं माझ्याकडूनच नेतात. म्हणाले, "ताई, गोळी ह्या वेळेला नको, एक मेसेज आलाय, दाखवतो थांबा." आणि शोधायला लागले. मी बघत होते. गुलाबाचं फूल, सुप्रभात. गुलाबाचं फूल, सुप्रभात, वेगळ्या माणसाकडून. कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस आणि खाली पन्नास केक. अपघाताचा व्हिडिओ, काकांनी पटकन वर ढकलला. बँक बंद होणार. परत फूल. कुणाची तरी श्रद्धांजली आणि तिच्या खालोखाल लगेच एक विनोद, त्यावर हसणारे चेहरे. काका सरकवतायत सरकवतायत, मागं तीन गिऱ्हाइकं उभी, आणि पाचेक मिनिटांनी म्हणाले, "सापडत नाही बघा, पण होता. चार ग्रुपवर आला होता. एवढे लोक पाठवतायत म्हणजे काहीतरी असंलच की."

मी त्यांना डॉक्टरांना फोन लावून दिला, गोळी मनानं बंद करायची नाही म्हणून डॉक्टर चांगले ओरडले, गोळी घेऊन गेले. पण त्यांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. मेसेजमध्ये नेमकं काय होतं ते काकांना धड आठवत पण नव्हतं. मेसेज पटला म्हणून ते गोळी सोडत नव्हते, चार ठिकाणी दिसला म्हणून सोडत होते. एकच गोष्ट परत परत कानावर पडली की ती खरी वाटायला लागते, ह्यावर अमेरिकेत १९७७ साली पहिला अभ्यास झाला आणि नंतर कितीतरी झाले. आपल्याकडं वेगळा अभ्यास करायची गरज नाही, आपल्या ग्रुपवर तो रोज चालू असतो.

आणि मला जे म्हणायचंय ते इथंच आहे. लोक दोन वेगळी दुखणी सांगतात. एक म्हणजे "फार मेसेज येतात, डोकं उठतं" आणि दुसरं म्हणजे "खोटे मेसेज फार येतात". मला रोज काउंटरवरून बघून असं वाटतं की दुखणं एकच आहे. ढिगातला प्रत्येक मेसेज सारख्याच वजनाचा दिसतो, पाणी येणार नाही हा पण एवढ्याशा चौकोनात आणि कॅन्सरवर रामबाण हा पण त्याच चौकोनात, मग माणूस दमतो, आणि दमलेला माणूस काही तपासत बसत नाही, एक तर सगळंच खरं मानतो नाही तर सगळंच खोटं. दुसरी तऱ्हा मला जास्त भीतीची वाटते. माझ्याकडं आता असे पण लोक येतात की लसीकरणाची सरकारी सूचना दाखवली तरी म्हणतात, "हे पण फॉरवर्डच असणार".

ह्याच्यावर उपाय म्हणून जे सांगतात त्याला माध्यम साक्षरता म्हणतात, मीडिया लिटरसी. शब्द असा आहे की हॉलमध्ये बॅनर, पाहुण्यांचं स्वागत, समोसा आणि सर्टिफिकेट एवढंच डोळ्यांसमोर येतं. मला विचाराल तर ते तांदूळ निवडण्यासारखं आहे. आई सूप मांडीवर घेऊन शेजारणीशी गप्पा मारत तांदूळ निवडायची, नजर अर्धा वेळ शेजारणीकडं, प्रत्येक दाणा काही ती वाचत बसायची नाही, पण खडा बरोबर हाताला लागायचा. ज्याला हाताला खडा कळतो त्याला पाच किलो तांदळाचं ओझं होत नाही. ज्याला कळत नाही तो एक तर दाणा दाणा बघत बसणार, नाही तर खडे खाणार.

मग हा हात कसा तयार होतो? मी शिकले २०२१ च्या एप्रिलमध्ये, आणि आधी चूक करून शिकले.

तेव्हाचे कोरोनाचे दिवस आठवा. बेड नाही, ऑक्सिजन नाही, रेमडेसिविर नाही, आणि फोनवर मात्र सगळंच आहे. अमुक ठिकाणी सिलिंडर मिळतोय, तमुक नंबरला फोन करा, प्लाझ्मा डोनर उपलब्ध. दुकानात कापराच्या वड्या संपल्या होत्या, कारण कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचे थेंब अशी पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो असा मेसेज फिरत होता, आणि ते खरं नाही असं डॉक्टर घसा कोरडा करून सांगत होते. तर एका रात्री अकराच्या सुमाराला मला सिलिंडरचा एक नंबर आला, वर लिहिलेलं "व्हेरिफाइड", मी तो तसाच चार ग्रुपवर टाकला. भलं करतेय असंच वाटत होतं. आमच्याच गल्लीतल्या एकाचे वडील घरात होते, लेव्हल खाली चाललेली, तो पोरगा त्या नंबरला तासभर फोन लावत बसला. नंबर बंद. कधीचाच बंद होता. वडील वाचले, दुसरीकडून सोय झाली, पण तो मला नंतर एवढंच म्हणाला, "काकी, तुम्ही टाकला होता म्हणून मी तोच लावत बसलो." भांडला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी ज्या मुलांबरोबर काम करायला लागले, कॉलेजची पोरं होती, त्यांची पद्धत साधी होती. नंबर आला की आधी स्वतः फोन लावायचा. लागला तर मेसेजमध्ये लिहायचं की दुपारी ४:१० ला बोललो, दोन सिलिंडर आहेत, आधारकार्ड लागेल. माल संपला की तो मेसेज डिलीट करायचा आणि "संपले" असं टाकायचं. बस. कोण म्हणतंय, कधी म्हणतंय, आणि आत्ता पण खरं आहे का. देशभर तेव्हा असंच चाललं होतं, वेळ घालून लीड, म्हणजे कुठं काय मिळतंय त्याची खबर, टाकायची. ग्रुपवर मेसेज दहा पटीनं कमी झाले आणि कामाचे तेवढे राहिले. माझ्या दृष्टीनं माध्यम साक्षरता म्हणजे ते ४:१०. नुसतं "व्हेरिफाइड" लिहिणं म्हणजे काही नाही, ते मी पुढं पाठवलेल्या मेसेजवर पण लिहिलेलं होतं.

आता काही जण म्हणतील की फोन आल्यापासून लोक बिघडले. तसं काही नाही हो. २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध पितो. मी दहावीत होते. तेव्हा कुठला मोबाइल आणि कुठलं काय, लँडलाइनवर आणि एसटीडी बूथवर बातमी फिरली आणि दुपारपर्यंत देशभर रांगा. मी पण वाटी-चमचा घेऊन उभी होते, खोटं कशाला बोलू. नंतर शास्त्रज्ञांनी रंग घातलेलं दूध देऊन दाखवलं की ते मूर्तीवरून पातळ थर होऊन खाली ओघळतं, पृष्ठताण आणि काय ते. पण संध्याकाळी घरी आलो, जेवलो, झोपलो, विषय दोन दिवसांत संपला. आता विषय संपत नाही, दर चार महिन्यांनी नवीन तारीख लावून परत येतो.

आणि प्रत्येक वेळी वाटीभर दुधावर भागत नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आली असे मेसेज त्या भागात आठवडे-आठवडे फिरत होते. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्याच दिवशी रात्री मालेगावला पण असाच जमाव जमला होता, तिथं पाच जणांना, त्यात एक लहान लेकरू, पोलिसांनी आणि मोहल्ल्यातल्या माणसांनी वाचवलं. त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता, मोटरसायकलवरून दोघं येतात आणि खेळणारं पोरगं उचलून नेतात. तो व्हिडिओ मुळात कराचीचा, मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली जाहिरात, शेवटी ते पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. एवढंच केलं, शेवट कापला. मी आजपण कुठला व्हिडिओ अर्धवट तुटल्यासारखा संपला की थांबते आणि म्हणते, ह्याच्या पुढं काय होतं?

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅप कंपनीनं "फॉरवर्डेड" असं लेबल आणलं, भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं केलं, मग २०२० च्या एप्रिलपासून जो मेसेज फार हातांतून फिरलाय, ज्याच्यावर डबल बाण दिसतो, तो एका वेळी एकाच चॅटला जातो. हे डबल बाण म्हणजे काय ते माझ्या काउंटरवर शंभरातल्या पाच जणांना पण माहीत नसेल. मूळ माणसापासून निदान पाच चॅट पार करून तो तुमच्याकडं आलाय, म्हणजे तुमच्या मावशीनं पाठवला असला तरी तो मावशीचा नाही. काकांना मी एवढंच शिकवलं, डबल बाण दिसला की वाचायच्या आधी एक दम घ्यायचा.

आता तुमच्याकडं येते. तुमची मोठी भीती मला माहीत आहे, "ग्रुपवर कुणी काही टाकलं तर अ‍ॅडमिनला पोलीस धरतात". ह्याच्यावर मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ च्या मार्चमध्ये, गोंदिया जिल्ह्यातल्या एका केसमध्ये, स्पष्ट सांगितलंय की मेंबरनं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला अ‍ॅडमिन नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येणार नाही, दोघांचा मिळून तसा हेतू असेल तर गोष्ट वेगळी. कोर्टाचं म्हणणं होतं की अ‍ॅडमिनच्या हातात मेंबर घेणं आणि काढणं एवढंच असतं. बरोबरच होतं तेव्हा. पण पुढच्याच वर्षी, २०२२ ला, दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायचं बटण अ‍ॅडमिनला मिळालं. फक्त अ‍ॅडमिनच मेसेज टाकू शकतील ही सेटिंग तर २०१८ पासून आहे. म्हणजे धाक गेला आणि बटण आलं, आणि आपण दोन्ही वेळा काही केलं नाही. केलं असेल तर "कृपया ग्रुपच्या विषयाला धरून पोस्ट टाकाव्यात" हे हात जोडलेलं वाक्य, त्यावर बारा अंगठे, आणि तेराव्या मिनिटाला सुप्रभात.

अडचण बटणाची नाही हो, मला कळतं. अडचण अशी की ज्यानं टाकलंय ते आपले मोठे मामा आहेत. त्यांना चारचौघांत "हे खोटं आहे" कसं म्हणायचं? मी एकदा म्हटलं. नणंदेच्या सासऱ्यांनी टाकलेलं होतं, आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोनं जगात एक नंबर दिला म्हणून, जुनंपुराणं आहे ते, युनेस्कोनं असं काही केलेलं नाही. मी खाली लिंक टाकली. त्या दिवाळीला ते आमच्याकडं फराळाला आले नाहीत. लिंकनं कुणी बदलत नाही हे तेव्हा कळलं. आता मी फोन करते, आधी तब्येत विचारते, मग म्हणते, "दादा, तो मेसेज तुम्हाला कुठनं आला ओ? मला पण एकानं विचारलं, मला सांगता येईना." दहातले सात जण स्वतःच म्हणतात, अगं बघतो विचारून, आणि दोन-तीन जण संध्याकाळी स्वतः डिलीट पण करतात. उरलेले करत नाहीत, त्यांना नमस्कार.

गेल्या वर्षी मात्र मी फोन बिन काही केला नाही, सरळ डिलीट मारलं. बॅचच्या ग्रुपवर लग्नपत्रिका आली, वर्गातल्याच एकाच्या नंबरवरून, "सहकुटुंब सहपरिवार" वगैरे, पण फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके. पत्रिका पीडीएफ असते नाही तर फोटो असतो, एपीके म्हणजे अ‍ॅप, उघडून इन्स्टॉल केलं की फोन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतो. त्या मित्राचाच फोन गेलेला होता, त्याला पत्ता नव्हता. एकीनं तोवर ती फाइल उघडलेली, तिला लगेच नेट बंद करायला लावलं, बँकेला कळवायला लावलं आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला लावला. पैसे वाचले तिचे. पण मला नंतर धडकी भरली ती वेगळ्याच गोष्टीनं. मी तो मेसेज बघितला तो योगायोगानं, ग्रुप म्यूट होता, वर एकशे चाळीस मेसेज न वाचलेले, कुणाच्या तरी पन्नाशीच्या शुभेच्छा.

रील्सचं थोडक्यात सांगते, तो तुमचा विषय नाही. स्क्रोलचा जो शेवटच येत नाही, ती कल्पना २००६ साली एझा रास्किन नावाच्या डिझायनरनं काढली आणि पुढं जाहीरपणे पस्तावला पण. आमच्या सासूबाईंना गुडघेदुखीची एक रील आली, त्यांनी ती पूर्ण बघितली, मग सगळं जग गुडघ्यांचंच. तेल, पट्टा, चमत्कारी पान, एकाच महिन्यात ऑपरेशन टळलेले लोक. रात्री झोप लागेना त्यांना, म्हणाल्या, "सगळ्यांचेच गुडघे गेलेत वाटतं ह्या वर्षी." माझ्या मुलीनं, नववीत आहे, त्यांना शेजारी बसवून सांगितलं की आजी, हे तुला दाखवतंय कारण तू थांबलीस, तू थांबली नाहीस तर नाही दाखवणार, आणि तीन टिंबं दाबून नॉट इंटरेस्टेड कुठं असतं ते दाखवलं. सासूबाई आता ते बटण अशा दाबतात की जणू ढेकूणच मारतायत. पंधरा दिवसांत अभंग आणि रांगोळ्या आल्या, गुडघे अधूनमधून येतात. फोन काढून घेतला असता तर हे झालं नसतं, रुसवा झाला असता.

म्हणून मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं कौतुक पण आहे आणि थोडी शंका पण. कडेगाव तालुक्यातलं गाव, २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला, साडेआठला परत भोंगा. बायकांनी लावून धरलं म्हणून झालं, आणि झालं ते झकास झालं. पण साडेआठनंतर त्या दीड तासाचे तुंबलेले मेसेज पण येतातच ना. भोंगा वेळ वाचवतो, निवडायला शिकवत नाही. आणि निवडायला शिकवायचं काम सरकार शाळेत करेल तेव्हा करेल, केरळात कन्नूरला २०१८ मध्ये तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी दीडशेएक सरकारी शाळांत पोरांना खोट्या बातम्या ओळखायला शिकवायचं सुरू केलं होतं, आपल्याकडं पण व्हावं. पण काका काही शाळेत जाणार नाहीत. काकांची शाळा म्हणजे तुमचा ग्रुप.

मागणं फार नाही. कामाच्या सूचनांचा ग्रुप वेगळा काढा आणि तो फक्त अ‍ॅडमिनसाठी ठेवा, गप्पांचा ग्रुप वेगळा, तिथं काय केक कापायचे ते कापा, मी पण येते. औषधाचा, पैशाचा आणि "सावधान"वाला मेसेज, ह्या तीन जातींना तेवढा ग्रुपवर एक प्रश्न लावा, कुणी सांगितलं आणि कधीचं आहे, उत्तर नसेल तर राहू द्यायचा नाही, मग तो मामांचा असो की आमदारांचा. आणि आपल्याकडून चुकीचं गेलं असेल तर गुपचूप डिलीट मारून नामानिराळं व्हायचं नाही, त्याच ग्रुपवर लिहायचं की मी टाकलेलं चुकीचं होतं. मी लिहिलं होतं सिलिंडरचं. हात थरथरत होते, कुणी काही बोललं नाही, एकानं फक्त अंगठा दिला.

आमच्या सोसायटीत सूचनांचा ग्रुप सुरू होऊन तीन आठवडे झाले. त्याआधी एकदा टाकी धुण्याचा मेसेज शुभेच्छांखाली गाडला गेला आणि आम्ही दोन मजले दिवसभर बिनपाण्याचे बसलो होतो, सेक्रेटरी म्हणत होते टाकलेला आहे बघा, आणि खरंच टाकलेला होता. काल नवीन ग्रुपवर अख्ख्या दिवसात एकच मेसेज आला, उद्या परत टाकी धुवायची आहे, सकाळी ९ च्या आत पाणी भरून ठेवा. दोन बादल्या आणि पिंप भरून ठेवलंय. आता दुकान उघडायला जाते.

तुमच्यातलीच एक,
तीन ग्रुपची अ‍ॅडमिन, सातारा जिल्हा